एकविसाव्या मजल्यावरचा चहा-भात

जपानला मी गेलेले नाही आणि या वयात जाईन असंही वाटत नाही. पण गेल्या माघात डहाणूहून मुंबईला जाऊन, तिथल्या एका जपानी हॉटेलात जेवून, परत उधव्यापर्यंत येण्याचा तीन दिवसांचा प्रवास घडला. तो मनात इतका लांब पसरला आहे की अंतर किती, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. त्या तीन दिवसांतलं बरंचसं अजून धुक्यातून पाहिल्यासारखं आठवतं. जे स्पष्ट आठवतं ते लिहून ठेवते.

बरोबर जानकी होती. उधव्याच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं, तेव्हा ती शाळेत खिचडी शिजवायची. मी निवृत्त होऊन डहाणूला पारनाक्याजवळच्या घरी राहायला आले, तरी आमचं येणंजाणं सुटलं नाही. ती मला बाई म्हणते आणि अरे-तुरे करते. तिच्या बोलीत आदराचं वेगळं रूपच नाही. तहसीलदार आला तरी तो तूच.

आणि जेवायला घालणारे होते मोरी. दोन वर्षं ते माझ्या घराच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. तालुक्यातून जी नवी वेगवान रेल्वे जाणार आहे तिच्या कामावर ते जमिनीचे जाणकार म्हणून आले होते. खांब उभा करायच्या आधी तिथे खाली माती किती, खडक कुठे, पाणी कुठे, हे खोल भोकं पाडून बघायचं, हे त्यांचं काम. पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. मग त्यांना मागच्या दारी नेऊन भांडी घासायची मोरी दाखवली आणि म्हटलं, आमच्याकडे मोरी म्हणजे ही. ते वाकून बघत राहिले आणि हिंदीत म्हणाले, आमच्याकडे मोरी म्हणजे जंगल. त्यानंतर रोज संध्याकाळी दुसरीचं पुस्तक घेऊन मी त्यांना मराठी शिकवू लागले. ते मला सेन्से म्हणायचे. म्हणजे बाईच.

रात्रीचं जेवण माझ्याकडे. काम उधव्याकडे असलं की दुपारचं जानकीकडे. तिला ते आई म्हणायचे. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, कधी नदीतली खेकडी. सुके बोंबील भाजले की त्यांचे डोळे मिटायचे. माघ लागला तेव्हा त्यांची बदली परत जपानला झाली. जायच्या आठ दिवस आधी ते खाली आले, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, दोन घरांनी मला दोन वर्षं जेवायला घातलं. आता एकदा माझ्या देशाचं जेवण मी तुम्हा दोघींना घालणार.

उधवा

जानकीला आणायला मी आदल्या दिवशी एसटीने उधव्याला गेले. सकाळ होती, पण ऊन असं नव्हतंच. कापणी झालेली शेतं, त्यांच्यावर कमरेइतकं धुकं, आणि त्यातून नव्या लाइनीचे खांब एकामागे एक वर आलेले. त्यांच्यावर अजून काही ठेवलेलं नव्हतं. एवढे मोठे खांब नुसतेच आभाळाखाली उभे, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. खिडकीशी बसलेल्या एका म्हातारबाबांनी ते मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

जानकीचं जुनं घर आणि शेत त्याच लाइनीत गेलं. रीतसर गेलं, त्याबद्दल तिने कधी रडगाणं गायलं नाही. आता ती भावाच्या शेतावर घर बांधून राहते. मी पोचले तेव्हा ती हिरवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, ओट्यावर तयार बसली होती. जवळच्या पिशवीत नागलीचे पापड. कुणाकडे जेवायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, असं तिचं म्हणणं. हॉटेलात कुणी पापड नेत नाही, हे मी सांगितलं नाही.

डहाणूला येताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. धाकट्या मुलीचं, सुनीताचं, लग्न पंधरवड्यावर आलं आहे, ही एक. दुसरी, मोरीला एक काम सांगायचं आहे. काय काम, ते मी विचारलं.

"तिथं जेवताना सांगीन," ती म्हणाली. "जेवताना माणूस 'नाही' बोलत नाही."

मुंबई

दुसऱ्या दिवशी मोरींनी गाडी मागवली होती. ते स्वतः पुढे बसले, आम्ही दोघी मागे. चारोटीला महामार्ग लागल्यावर जानकी झोपली ती शहर आल्यावरच उठली, त्यामुळे रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. ती उठली तेव्हा गाडी एका उंच काचेच्या इमारतीपुढे उभी होती. तिने मान वर करून शेंडा शोधला आणि विचारलं, "जेवायला वर चढायचंय?"

लिफ्टमध्ये कानाला दडे बसले. दार उघडलं आणि समोर एक लांब, अंधारी, थंड वाट लागली. भिंती राखाडी, पायाखाली काळा दगड, आणि कुठून तरी अगदी बारीक आवाजात पाणी वाहत होतं. वाटेच्या टोकाला काचेचं दार. जानकीने दाराशी चपला काढल्या. तिथे उभा असलेला सुटाबुटातला व्यवस्थापक गडबडून म्हणाला, मॅडम, काढायची गरज नाही. जानकीला ते कळलं, पण पटलं नाही. जेवायच्या जागी चपला घालून कसं जायचं? ती तशीच उभी राहिली. मग मोरी खाली बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून टाचा भिंतीकडे आणि चवडे दाराकडे करून नीट लावले, आणि म्हणाले, "माझ्या घरी पण काढतात." मीही काढल्या. एवढ्या थाटाच्या जागी तीन जोड रांगेत ठेवून आम्ही अनवाणी आत गेलो. दगड पायाला असा गार लागला की मला उगाच शाळेतली सकाळ आठवली.

आत दुपार होती, पण दुपारसारखं काही नव्हतं. दिवे इतके मंद की माणसांचे चेहरे पाण्याखालच्यासारखे दिसत होते. सगळे हळू बोलत होते. एका बाजूला अखंड काच आणि काचेपलीकडे समुद्र. हाच समुद्र माझ्या घरामागे रात्रंदिवस गाजत असतो. इथे वरून तो नुसता पसरलेला, निळसर करडा, आवाज नसलेला. लाटा दिसत होत्या, पण त्या पुढे सरकतच नव्हत्या. जानकी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. तिने विचारलं, हा आपला डहाणूचाच काय? मी म्हटलं, तोच. ती म्हणाली, झोपलाय.

आम्हाला लांब लाकडी ओट्याशी बसवलं. ओट्याच्या पलीकडेच स्वयंपाक चालला होता. तिथली मुख्य स्वयंपाकीण तिशीतली मुलगी, मूळची मणिपूरची, हे नंतर कळलं. केस काळ्या फडक्यात बांधलेले, हात एकसारखे चाललेले. आधी गरम ओले रुमाल आले. मी हात पुसले. जानकीने तोंड, मान, कोपरापर्यंत हात असं सगळं पुसून काढलं. मी बघते तर मोरीही तोंड पुसत होते आणि त्यांनी आआ असा समाधानाचा आवाज काढला. त्यांच्या गावाकडचे म्हातारे असंच करतात, हे सांगताना ते लाजले.

पहिल्यांदा मिठात उकडलेल्या हिरव्या शेंगा आल्या. त्या आम्हा दोघींना ओळखीच्या वाटल्या. थंडीत आमच्याकडे मडक्यात वालाच्या शेंगा उकडतात, तशाच सोलून दाताने दाणा काढायचा. जानकी म्हणाली, ओवा पाहिजे होता. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

त्यापुढचं जेवण मात्र स्वप्नातल्यासारखं होत गेलं. एक काळा दगड आला, त्याच्यावर दिसेल न दिसेल एवढा माशाचा तुकडा, त्याच्यावर फुलाची एक पाकळी. मग काचेचा घुमट आला. तो उचलल्यावर आतून धूर सांडला आणि ओट्यावरून वाहत खाली गेला. धूर विरल्यावर तळाशी तीन मशरूम. मग नदीतल्या गोट्यांची रास आली. त्या गोट्यांत एकच खायचा होता, बाकीचे खरे. जानकीने गोटे एकेक करून हातात घेतले, वजन बघितलं आणि परत ठेवले. कच्चा मासा तिने न कुरकुरता खाल्ला. मला तो जिभेवर लोण्यासारखा लागला, पण गिळताना डोळे मिटावे लागले. कुठल्याच घासाचं पोटात काही वजन पडत नव्हतं. चव यायची आणि जायची.

मी मोरींना एकेका पदार्थाचं नाव विचारत होते. सुरुवातीला ते सांगत होते. मग नुसतं बघू लागले. लोणी आणि चीज घातलेला भाताचा गोळा आला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "सेन्से, हे मला माहीत नाही."

मेनू त्यांनी पुन्हा मागवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आपल्या देशाचं जेवण घालायला त्यांनी आम्हाला इतक्या लांब आणलं आणि त्यांना स्वतःलाच इथे आपला देश सापडत नव्हता. चारी बाजूंना बसलेली शहरातली तरुण मुलं जेवायच्या काड्या कशा सहज धरत होती, कुठल्या वाटीत काय बुडवायचं ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही तिघं अनवाणी माणसं तेवढी परकी. मोरींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांची फार माया आली.

ओट्यापलीकडची ती मुलगी हे सगळं बघत असावी. तिने हात पुसले, पुढे वाकली आणि हिंदीत हळूच विचारलं, साहेब, घरी काय खायचात?

मोरींनी मेनू मिटला. मग म्हणाले, चहातला भात. आई करायची. उरलेला भात, वरून गरम चहा.

तिने मान हलवली. तिच्याकडच्या भाताला थोडं थांबावं लागेल म्हणाली. मग साध्या, चरे पडलेल्या तीन वाडग्यांत वाफाळता भात, वर भाजलेल्या खारट माशाचा चुरा, काळ्या शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याच्या चार पट्ट्या, आणि वरून हिरवट चहाची धार. ही वाडगी पाहुण्यांसाठीची नसावीत. बहुतेक तिथल्या स्वयंपाक्यांचं स्वतःचं जेवण त्यांत होत असावं. तीही जपानला कधी गेलेली नव्हती, हे तिने ओतता ओतता सांगितलं. तिच्या गावीही भात भिजवून खातात, हेही तेव्हाच कळलं.

मोरींनी वाडगं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं आणि आवाज करून सुर्र सुर्र ओढलं. जानकीने त्यांच्याकडे बघितलं, काड्या बाजूला ठेवल्या आणि तसंच ओढलं. पेज पिताना आम्ही ओढतो तसं. मीही. गरम, खारट, थोडं कडवट, आणि पोटात उतरताना पहिल्यांदाच काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. बाहेर समुद्र तसाच निजलेला होता. पिशवीतले नागलीचे पापड जानकीने त्या मुलीला दिले. तिने ते तिथेच जाळीवर भाजून आम्हाला आणून दिले आणि एक स्वतः उभ्या उभ्या खाल्ला.

मला वाटलं, आता या दिवसाला आणखी काही नको. पण जानकीने तोंड पुसलं आणि मोरींकडे वळून बसली.

"मोरी," ती म्हणाली, "सुनीताचं लगीन आहे. हळदीचं पाणी आमच्यात आपल्या विहिरीचं लागतं. तू गेटवाल्याला सांग. एकदा मला आत सोड. एक कळशी भरते अन् बाहेर येते."

इथे त्या विहिरीचं सांगायला हवं. जानकी आणि तिच्या नवऱ्याने ती दोन उन्हाळे खपून स्वतः खणली होती. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली. शेत गेलं तेव्हा विहीर दोन खांबांच्या मधल्या जागेत येते, ती तशीच राहील, असं कुणीतरी जानकीला सांगितलं होतं. मग तिथे पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि आत जायची सोय राहिली नाही. पण मोरी रोज आतून यायचे. ते भाकरी खायला बसले की ती विचारायची, विहीर आहे ना? आणि ते म्हणायचे, आहे. हे मी माझ्या कानांनी दोनतीनदा ऐकलं होतं.

मोरींनी काड्या उचलून सरळ, एकमेकींना लावून ठेवल्या.

"आई," ते म्हणाले, "विहीर नाही."

जानकीला वाटलं त्यांना शब्द कळला नाही. तिने दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवला. "विहीर रे. पाण्याची."

"कळलं. विहीर नाही. मागच्या दिवाळीनंतर भरली. आधी दगड, मग माती, मग काँक्रीट. मी तिथे उभा होतो."

"तू तर आहे बोलायचास."

"खोटं बोललो."

मग त्यांनी अडखळत, अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत, सगळं सांगितलं. जानकीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा विहीर खरोखर होती, पण ती भरली जाणार हे नकाशावर तेव्हाही होतं आणि त्यांना ते माहीत होतं. तिने आहे ना म्हणून विचारलं, विहीर तेव्हा होती, म्हणून ते आहे म्हणाले. पुढचं सांगायला भाषा पुरेना. विहीर भरल्यावर तिने पुन्हा विचारलं तेव्हा भाषा पुरत होती, पण हातात तिचीच भाकरी होती. एकदा तोंडातून आहे निघून गेलं, आणि मग रोज निघू लागलं. गेले आठ दिवस ते हे सांगायची वेळ शोधत होते. आज इथे आणण्यामागे तेही होतं.

त्यांना आहे आणि नाही हे दोन शब्द मीच शिकवले होते, अगदी पहिल्या दिवशी. 

जानकी ओरडली नाही. तिने काचेबाहेर बघितलं. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर भरायच्या आधी एकदा काढून प्याले असते. बाकी काय करणार होते मी?"

मोरींनी मान खाली घातली ती वर केली नाही. वाढपी काहीतरी गोड घेऊन आला. हिरवं आइस्क्रीम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. ते आम्हा तिघांच्या पुढे हळूहळू वितळत गेलं. वर्ख तरंगत राहिला. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता आणि तिथली मुलं टाळ्या वाजवत होती. ते फार लांब कुठेतरी चाललं आहे असं वाटत होतं. जानकी आता उठेल आणि चालू लागेल, असं मला वाटलं. अनवाणी, त्या थंड दगडावरून. मी तिच्याबरोबर उठायची तयारी केली.

ती उठली नाही. तिने विचारलं, "मग पाणी कुठं गेलं?"

मोरींनी मान वर केली.

"विहीर भरलीस. पाणी थोडंच मरतं? ते कुठं गेलं?"

हा त्यांच्या कामातला प्रश्न होता. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदी रुमाल उलगडला आणि रेघा काढू लागले. डोंगर, उतार, काळा खडक, त्याच्यातली भेग. पाणी भेगेतून येतं. विहिरीच्या तोंडावर दगड टाकला तरी भेग चालूच असते, ती ओढ्याकडे उतरते. लाइनीच्या पलीकडेही त्यांनी भोकं पाडून बघितली होती. जानकीने कागद फिरवून घेतला. डोंगर आपल्या बाजूला केला आणि बोट ठेवलं. "हा डोंगर. हा ओढा. मग हे माझ्या भावाचं शेत."

मोरींनी तिच्या बोटाशेजारी पेन टेकवलं. "इथे असेल. बहुतेक. नक्की नाही."

"नक्की नाही?"

"नाही."

"बरं," जानकी म्हणाली.

ओट्यापलीकडच्या मुलीने आमच्या वाडग्यांत पुन्हा चहा ओतला, यावेळी नुसताच. तो पिऊन आम्ही निघालो. ती रात्र बोरिवलीला माझ्या भावाच्या रिकाम्या घरी काढली.  

परत उधव्याला

सकाळी मोरी गाडी घेऊन हजर होते. त्या दिवशी त्यांच्या ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम होता असं मला माहीत होतं. विचारलं तर म्हणाले, नंतर. तलासरीला गाडी थांबवून त्यांनी स्वतः उतरून एक पहार आणि दोन फावडी विकत घेतली.

जानकीच्या भावाच्या शेताला ओढा लागून आहे. पाणी आटलेलं, पण काठ ओलसर. धुकं उठलेलं नव्हतं. मोरी खाली बघत त्या काठाने तीनदा वर गेले आणि तीनदा खाली आले. मध्येच वाकून माती चुरडायचे, वास घ्यायचे. शेवटी एका उंचवट्यावर थांबले आणि म्हणाले, इथे. जानकी दहा पावलं खाली, एका जांभळीशी उभी होती. तिचं म्हणणं, इथे. जांभूळ उन्हाळ्यातही हिरवी असते आणि शेजारी वारूळ आहे, म्हणजे खाली ओल आहे. दोघं थोडा वेळ आपापल्या जागी उभी राहिली. तिचा भाऊ शहाणा. त्याने मधोमध जाऊन पहार मारली.

मोरींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खणायला लागले. भोकं पाडायला त्यांच्या हाताखाली मोठाली यंत्रं असायची. फावडं त्यांनी कधी धरलं होतं की नाही कोण जाणे. तासाभरात तळहाताला फोड आले. जानकीने ते बघितले, पण थांबवलं नाही. दुपारी तिने भाकरी केली आणि नेहमीसारखी त्यांच्या ताटात वाढली. विहिरीबद्दल या वेळी तिने काही विचारलं नाही. खाणं झाल्यावर ते पुन्हा खड्ड्यात उतरले. संध्याकाळी खड्डा कमरेइतका झाला होता आणि माती कोरडीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. निघताना ते जानकीपुढे उभे राहिले आणि कमरेतून वाकले. इतके वेळ वाकून राहिले की काय करावं ते तिला समजेना. तिने माझ्याकडे बघितलं.  मग तिने पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, जा आता, तुझी आई वाट बघत असेल.

नंतर

माडीवरची खोली झाडून मी कुलूप लावलं. पाचव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. जानकीचा. तिला फोनवर बोलायची सवय नाही, त्यामुळे ती एरवी बोलते त्याहून मोठ्याने बोलते.

"बाई, लागलं."

मोरी गेल्यावर ती आणि तिचा भाऊ रोज खणत होते. पुरुषभर खोलीवर काळा दगड आला होता आणि त्याच्या कडेने पाझर सुटला होता. रात्रभरात गुडघाभर साचलं. मी मोरींना फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. पाणी लागलं, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, चव?

चव मला माहीत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी पुन्हा उधव्याला गेले. सुनीता आणि तिच्या मैत्रिणी खड्ड्याभोवती दगड रचत होत्या. जानकीने फडक्यातून पाणी गाळलं, पहिलं भांडं मला दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं. गार, किंचित मातकट, आणि मागाहून लोखंडासारखी काहीतरी चव. ती एका दमात न पिता घोटघोट पीत होती, जिभेवर धरून, कुणाचा चेहरा ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

"तसंच आहे?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्याची चव वेगळी होती. हे दुसरंच आहे."

मी भांडं खाली ठेवलं. मोरींना आता चव कळवायची होती. त्यांना बरं वाटावं म्हणून तसंच आहे असं लिहावं का, हे मी तिलाच विचारलं.

जानकीने उरलेलं पाणी हातावर घेऊन तोंडावरून फिरवलं.

"दुसरं आहे, असंच कळव," ती म्हणाली. "अन् बोल, गोड आहे."